माळा लावल्या की रेडिओ खरखरतो! ही खरखर नेमकी शिरते कुठून?

कुळागरकर
नमस्कार मंडळी. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या थोडं पुढं आमचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आणि त्यातच घर. बाबा अजून मिडियम वेव्ह ऐकतात. पणजी १२८७ किलोहर्ट्झ हे त्यांचं घरचं स्टेशन, आणि काळोख पडला की सांगली, रत्नागिरी शोधत काटा फिरवणं हा छंद. गेल्या काही वर्षांत खरखर वाढतच गेली होती, पण यंदा चवथीला कहर झाला. माटोळीभोवती (गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती फळापानांची आरास) एलईडीच्या माळा लावल्या आणि रेडिओ असा तडतडायला लागला की निवेदक बोलतोय एवढंच कळायचं, काय बोलतोय ते नाही. वीज गेली की रेडिओ (सेलवर चालतो) एकदम मोकळा. वीज आली की पुन्हा खर्रर्र.

दुकानदार म्हणाला बूस्टर लावा. धाकटा भाऊ म्हणतो एफएमला आणि डीटीएचला असलं काही होत नाही, तो डबा फेकून द्या. बाबांसमोर हे बोलायची त्याची टाप नाही, म्हणून मला सांगतो.

आणखी एक गोष्ट. वीज नसतानाही थोडी खरखर उरतेच, फक्त तिची जात वेगळी असते. मधूनच कडकड, आणि मागं एकसारखी मंद सळसळ. ती कुठून येते? मी कॉमर्सवाला, तेव्हा जरा सोप्यात सांगा.

खाजेवाला
पहिला मीच. खाजे घेऊन बसलोय, चालू द्या.

हॅम_पेडणे
‘वीज गेली की मोकळा’ यातच निम्मं उत्तर आहे. उगम तुमच्या घरात किंवा शेजारी आहे, आणि तो बंद करता येतो.

माळेच्या टोकाला ठोके बदलायचं बटण असलेला छोटा डबा असतो ना, त्यात थायरिस्टर (विजेचे इलेक्ट्रॉनिक स्विच) असतात. ते विजेच्या प्रत्येक अर्ध्या फेरीत, म्हणजे सेकंदाला १०० वेळा, प्रवाह मध्येच झटक्यात चालू करतात. झटका जितका तीव्र, तितके त्याचे हार्मोनिक्स (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या लहरी) वरपर्यंत पसरतात. पंख्याचे जुने इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरही याच जातीचे. एलईडी बल्बांचं थोडं वेगळं: त्यांच्यातला ड्रायव्हर साधारण ५० ते १०० किलोहर्ट्झच्या आसपास चालू-बंद होत असतो, आणि त्याचे हार्मोनिक्स बरोबर मिडियम वेव्हच्या ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात येऊन बसतात. चांगल्या बल्बात आत येणाऱ्या तारेवर एक कॉइल आणि दोन कपॅसिटर असतात, ही घाण परत लाईनवर जाऊ नये म्हणून. स्वस्त मालात पहिली काटछाट तिथंच होते. मग घरभर फिरलेलं वायरिंग आयतीच अँटेना होतं.

शोधायची रीत अशी. सेलवरचा रेडिओ दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागेवर लावा, आवाज मोठा ठेवा. मेन स्विच बंद करा. खरखर गेली तर एकेक एमसीबी वर करत जा. ज्या एमसीबीला खरखर परत आली त्याच खोलीतले बल्ब, चार्जर, रेग्युलेटर एकेक करून काढा. मेन बंद करूनही गेली नाही, तर ती शेजारून किंवा खांबावरून येतेय.

तेव्हा दुसरी युक्ती. ट्रान्झिस्टरच्या आत फेराइटची आडवी सळई असते, तीच त्याची मिडियम वेव्हची अँटेना. तिला कुशीतून चांगलं ऐकू येतं, टोकाकडून जवळपास काहीच नाही. रेडिओ आडवा धरून हळूहळू फिरवा. खरखर सगळ्यात कमी होईल तेव्हा सळईची टोकं उगमाच्या रेषेत आहेत असं समजा. दहा-वीस पावलं बाजूला जाऊन पुन्हा तसंच करा. दोन रेषा जिथं छेदतात तिथं चोर. आमच्याकडे हा प्रकार शेजारच्या फाटकावरच्या दिव्यापाशी जाऊन थांबला होता. बल्ब मीच बदलून दिला, वर चहा मिळाला.

कुळागरकर
@हॅम_पेडणे, सविस्तर उत्तराबद्दल आभार. रविवारी करून बघतो. बूस्टरचं काय?

हॅम_पेडणे
पैसे वाचवा. तांदळात खडे आहेत म्हणून मोठ्या पोत्यात ओतले तर खडे कमी होत नाहीत. बूस्टर सिग्नल वाढवतो तशी खरखरही तेवढीच वाढवतो, वर स्वतःची थोडी घालतो.

निवृत्त_तारवाला
बूस्टरवर थोड्या वेळानं येतो, कारण तो सगळीकडेच निरुपयोगी असतो असं नाही. आधी त्या ‘वीज नसतानाच्या’ खरखरीबद्दल. माझं आयुष्य टेलिफोन आणि मायक्रोवेव्ह लिंकांवर गेलं, त्यामुळं हा माझा आवडता विषय. लांबण लागलं तर सांभाळून घ्या.

मधूनच येणारी कडकड म्हणजे विजा. पृथ्वीवर कुठं ना कुठं दर सेकंदाला सरासरी चाळीसच्या वर विजा चमकत असतात. प्रत्येक वीज म्हणजे एक प्रचंड ट्रान्समीटर, आणि तिची ताकद खालच्या फ्रिक्वेन्सींना सगळ्यात जास्त. एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर सह्याद्रीच्या माथ्यावर ढग चढले की सत्तरीत तुम्हाला जवळच्या विजा ऐकू येणार. पण रात्री आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परावर्तित होऊन शेकडो मैलांवरच्या विजाही येतात, अगदी ज्या वाटेनं बाबांचं सांगली येतं त्याच वाटेनं. म्हणून रात्री लांबची स्टेशनं लागतात आणि खरखरही वाढते. एक हवं तर दुसरं घ्यावंच लागतं.

मागची मंद सळसळ अनेक ठिकाणाहून येते. त्यातला एक वाटा खुद्द रेडिओच्या आतल्या रेझिस्टरांचा आणि ट्रान्झिस्टरांचा. कुठल्याही वाहकातले इलेक्ट्रॉन उष्णतेनं अस्वस्थ हलत असतात आणि त्या हालचालीचा व्होल्टेज मोजता येतो. १९२८ साली बेल लॅब्जमध्ये जॉन्सन यांनी ते मोजून दाखवलं आणि नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं. दोघेही जन्मानं स्वीडिश, आणि दोघांचे निबंध एकाच नियतकालिकात एकापाठोपाठ छापले गेले. त्या गणितात रेझिस्टर कार्बनचा की धातूचा, स्वस्त की महाग, याला जागाच नाही. नॉइजची (नको असलेल्या खरखरीची) ताकद काढायला तापमान किती आणि बँडविड्थ (फ्रिक्वेन्सींचा किती रुंद पट्टा आत घेतो) किती, एवढंच बघायचं. तापमान शून्य केल्वीन करता येत नाही, म्हणून हा नॉइज शून्य करता येत नाही. ट्रान्झिस्टरातून प्रवाह सुट्या इलेक्ट्रॉनांनी जातो, त्याचा आणखी एक नॉइज असतो; तो शॉट्की यांनी १९१८ सालीच ओळखला होता.

आणि काही भाग तर आकाशगंगेतून येतो! १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कार्ल जान्स्की यांना अटलांटिकपारच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कशानं येते ते शोधायचं काम दिलं होतं. त्यांनी फोर्ड मॉडेल टीची चाकं लावून फिरती अँटेना बांधली आणि २०.५ मेगाहर्ट्झवर ऐकत बसले. जवळच्या विजा सापडल्या, लांबच्या सापडल्या, आणि तिसरी एक सळसळ उरली, जी रोज चार मिनिटं लवकर यायची. म्हणजे तिचा काळ २४ तासांचा नव्हता, २३ तास ५६ मिनिटांचा होता, ताऱ्यांच्या घड्याळाचा. उगम धनु राशीच्या दिशेला, आकाशगंगेच्या केंद्राकडं. रेडिओ खगोलशास्त्र असं टेलिफोनच्या तक्रारीतून जन्माला आलं. आम्ही लाईनवरच्या तक्रारी शोधत फिरलो, पण आम्हाला भिजलेले जॉइंट आणि उंदीर सापडले.

फर्मागुढीची
काका, मस्त! मी इथं इलेक्ट्रॉनिक्सला आहे आणि हेच सगळं सेमिस्टरला रटून गेले होते. थोडे आकडे टाकते.

२९० केल्वीन म्हणजे साधारण खोलीच्या तापमानाला औष्णिक नॉइज दर हर्ट्झला उणे १७४ डीबीएम (म्हणजे एका मिलिवॉटच्या तुलनेत इतके डेसिबल; दर १० डेसिबलला ताकद दहापट). मिडियम वेव्हच्या एका स्टेशनासाठी सुमारे १० किलोहर्ट्झ लागतात, म्हणजे ४० डेसिबल वाढवा: उणे १३४. वायफायचा चॅनल २० मेगाहर्ट्झचा, तिथं उणे १०१. खिडकी जितकी मोठी उघडाल तितका नॉइज जास्त आत येतो.

पण खरी गंमत पुढं आहे. मिडियम वेव्हवर आपल्या उष्ण कटिबंधात रात्री विजांचा नॉइज या औष्णिक पातळीच्या साठ-सत्तर डेसिबल वर असू शकतो. म्हणजे लाखो पटींनी जास्त. तिथं रेडिओ कितीही शांत, कितीही महागाचा बनवला तरी फरक पडत नाही, कारण आत येणारंच घाण आहे. म्हणूनच ती बोटभर फेराइटची सळई चालून जाते. ती सिग्नल फारच थोडा पकडते, पण विजांची खरखरही तितकीच थोडी पकडते. गुणोत्तर तेच राहतं.

डीटीएचच्या ११-१२ गिगाहर्ट्झला अगदी उलटं. तिथं निरभ्र आकाश खूपच थंड दिसतं आणि विजा, दिवे, पंखे यांचा पत्ताच नसतो. मग रिसीव्हरचा स्वतःचा नॉइज हाच मुख्य होतो. म्हणून डिशच्या तोंडाशी तो एलएनबी, म्हणजे कमी नॉइजचा अॅम्प्लिफायर असलेला डबा, बसवतात.

तेव्हा कुळागरकरांच्या भावाला सांगा: रेडिओ असो की डीटीएच, नॉइज सगळीकडे आहे, फक्त प्रत्येक फ्रिक्वेन्सीला मालक वेगळा.

सुशेगाद_७०
एवढं कशाला? डिजिटल आलं आणि नॉइज संपला. पूर्वी टीव्हीवर मुंग्या यायच्या, आता येतात का? नाही ना. विषय संपला.

अनघा_म्हापसा
मुंग्या येत नाहीत, अख्खं चित्रच जातं! आषाढात मालिकेचा ऐन क्षण आणि पडद्यावर ‘सिग्नल नाही’. मुंग्यांमधून निदान कोण कोणाला थोबाडीत मारतंय ते तरी दिसायचं. 😀

गंभीर प्रश्न: पाऊस सिग्नल अडवतो हे समजलं, पण रिपरिप पावसात काही होत नाही आणि पाच मिनिटांच्या सरीत सगळं बंद, असं का? आणि यात नॉइजचा काय संबंध?

फर्मागुढीची
संबंध आहे, आणि तो पुस्तकात वाचला तेव्हा मलाही चकित व्हायला झालं होतं.

गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण डिशला वर्षाच्या बेरजेशी देणंघेणं नाही. त्या क्षणी ताशी किती मिलिमीटरच्या वेगानं पडतोय आणि थेंब केवढे आहेत, ते महत्त्वाचं. रिपरिप दिवसभर चालली तरी सिग्नल थोडाच घटतो. सर कोसळली की एकदम.

आता नॉइज. समजा निरभ्र आकाशात डिशला दिसणारं तापमान ४० केल्वीन आणि एलएनबीचं स्वतःचं ४०. एकूण ८०. सरीनं सिग्नल निम्मा शोषला, म्हणजे ३ डेसिबल. पण जे शोषतं ते स्वतःही उत्सर्जन करतं, आणि पाऊस आकाशासारखा थंड नाही, तो २७५ केल्वीनच्या आसपास आहे. निम्म्या शोषणाला त्याचे जवळपास १३७ केल्वीन डिशमध्ये उतरतात. वर उरलेल्या आकाशाचे २०, एलएनबीचे ४०. एकूण जवळपास २००. म्हणजे सिग्नल निम्मा झाला आणि त्याच वेळी नॉइज अडीचपट. गुणोत्तर ३ नाही, जवळपास ७ डेसिबलनं घसरलं.

आणि डिजिटलमध्ये चूकदुरुस्तीची सोय असल्यामुळं एका मर्यादेपर्यंत चित्र अगदी नितळ राहतं, त्या मर्यादेच्या खाली गेलं की थेट काळोख. @सुशेगाद_७०, नॉइज संपलेला नाही, दिसत नाही एवढंच. तुमच्या सेटटॉप बॉक्सच्या मेनूत सिग्नलची ‘क्वालिटी’ वेगळी आणि ‘स्ट्रेंग्थ’ वेगळी दिसते बघा. पावसात क्वालिटीवर लक्ष ठेवा.

सुशेगाद_७०
बघितलं. स्ट्रेंग्थ ८०, क्वालिटी ५५. स्ट्रेंग्थ एवढी चांगली असून काय उपयोग मग?

निवृत्त_तारवाला
हाच तो बूस्टरचा प्रश्न. स्ट्रेंग्थमध्ये नॉइजही मोजला जातो. उपयोगी काय, तर गुणोत्तर, आणि ते पहिल्या अॅम्प्लिफायरपाशीच जवळपास ठरून जातं. फ्रीस यांनी १९४४ साली याचं सूत्र दिलं. व्यवहारात त्याचा अर्थ असा:

छपरावरच्या अँटेनापासून खाली टीव्हीपर्यंत लांब कोअॅक्स, त्यात ६ डेसिबल गळती. बूस्टरचा नॉइज फिगर (उपकरण स्वतः किती नॉइज घालतं त्याचं माप) ३ डेसिबल आणि गेन (सिग्नल किती वाढवतो ते) २० डेसिबल समजा, टीव्हीचा नॉइज फिगर ७. बूस्टर टीव्हीपाशी बसवला तर सगळ्या साखळीचा नॉइज फिगर ९ च्या थोडा वर जातो, कारण केबलनं आधीच सिग्नल खाल्लेला असतो. तोच बूस्टर वर, अँटेनाच्या खांबावर बसवला तर साडेतीनच्या आत. वस्तू तीच, पैसे तेच, फरक साडेपाच डेसिबलचा. पण लोक खांबावर चढायचा कंटाळा करतात आणि टीव्हीमागं डबा लटकवून बूस्टरला शिव्या घालतात.

केबलवाल्यांच्या जमान्यात तर अॅम्प्लिफायरमागून अॅम्प्लिफायर जोडत गल्लीच्या टोकापर्यंत नेत. प्रत्येकजण आपली भर घालायचा. शेवटच्या घरात मुंग्यांचं वारूळ.

(मिडियम वेव्हला मात्र खांबावरचाही बूस्टर व्यर्थ. कारण वर मुलीनं सांगितलंच आहे.)

पडद्यामागचा
मी नाटकांना आणि जत्रांना ध्वनी सांभाळतो, माशेल-कुंभारजुवे भागात. रेडिओतलं मला कळत नाही, पण आमच्या धंद्यात रात्रभर याच भुतांशी गाठ असते, म्हणून लिहितो.

देवळासमोर मंडप, एका बाजूला जनरेटर, दुसऱ्या बाजूला देवळाच्या मीटरवरून घेतलेली लाईन. मिक्सर एका लाईनवर, स्टेजवरचा हार्मोनियमचा पिकअप आणि कीबोर्ड दुसऱ्या लाईनवर. नांदीला स्पीकरमधून ‘घूंऽऽ’. ही ५० हर्ट्झची घूं म्हणजे ग्राउंड लूप. दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये थोडा व्होल्टेज फरक असतो आणि तो ऑडिओ केबलच्या शील्डमधून वाहतो. दिवे मंद केले की ‘घूं’ बदलून कर्कश ‘झर्रर्र’ होतं, ते डिमरचं काम; वर पेडणेकरांनी सांगितलेले तेच थायरिस्टर. कानाला हा फरक एकदा कळला की कुठं हात घालायचा ते लगेच समजतं. घूं असेल तर अर्थिंगकडं, झर्र असेल तर दिव्यांच्या केबलीकडं.

उपाय: सगळा ध्वनी एकाच लाईनवरून. कीबोर्डला ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स, म्हणजे तांब्याचा थेट जोड तुटतो आणि आवाज चुंबकातून पलीकडं जातो. माइकला बॅलन्स्ड केबल. तिच्यात दोन तारा, एकीवर सिग्नल सुलटा, दुसरीवर उलटा. वाटेत जी घाण चढते ती दोघींवर सारखीच चढते. मिक्सर दोघींची वजाबाकी करतो, घाण उडते, सिग्नल दुप्पट होतो. आणि डिमरच्या केबली माइकच्या केबलीशेजारून न्यायच्या नाहीत, ओलांडायच्या झाल्या तर काटकोनात.

एक हात जोडून विनंती. काही पोरं घूं घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. घूं जाते हे खरं, पण मग माइक हातात धरलेला नट ओल्या जमिनीवर उभा राहिला आणि उपकरणात बिघाड झाला, तर अर्थिंगची वाट त्याच्या अंगातून. असं कधीही करू नका.

खाजेवाला
आणि ते सोन्याच्या पिनवाले, हजारो रुपयांचे स्पीकर केबल? माझा मेव्हणा म्हणतो त्यानं ‘काळोख अधिक काळा’ ऐकू येतो.

पडद्यामागचा
स्पीकरच्या तारेत व्होल्ट्समध्ये सिग्नल असतो, माइकच्या तारेत मिलिव्होल्टमध्ये. घाण चढायची ती माइकच्या बाजूला चढते. मेव्हण्याला म्हणावं, ते पैसे माइकच्या केबलीला लाव. सोन्याला गंज चढत नाही, तेव्हा आपल्या समुद्राच्या हवेत पिनेला सोनं असलेलं वाईट नाही. बाकी काळोख त्याला लखलाभ.

जुना_श्रोता
अवांतर. रेडिओचा विषय निघाला म्हणून. पोर्तुगीज काळात ‘एमिसोरा द गोवा’ होतं. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळीचं वायरलेस स्टेशन उडवलं, ते आमच्या पिढीत सर्वांना ठाऊक. त्याआधी १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सरहद्दीवरच्या रानातून ‘व्हॉईस ऑफ फ्रीडम’ चालवलं होतं, कोकणी आणि पोर्तुगीजमधून. आंबोली, कॅसलरॉक. तिथला पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको की दमट हवेत ट्रान्समीटर जिवंत ठेवणं म्हणजे काय. माझे वडील दारं लावून ऐकायचे असं आई सांगायची.

पुणेरी_पाहुणा
आजोबा, अवांतर नाही, अगदी समांतर आहे. लिहीत राहा.

आमच्याकडची एक भर: नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. गोविंद स्वरूप यांनी ती जागा निवडली त्यामागं एक मोठं कारण म्हणजे मीटर तरंगलांबीला तिथं माणसांनी केलेला रेडिओ गोंगाट कमी होता. खगोलवाल्यांच्या सिग्नलपुढं तुमची माटोळीची माळ म्हणजे सूर्य. आणि १९६४-६५ साली पेन्झियस आणि विल्सन यांना अँटेनात न जाणारी साडेतीन केल्वीनची सळसळ सापडली, तेव्हा त्यांनी आत घरटं केलेली कबुतरं हाकलली, त्यांची शीटसुद्धा खरवडून काढली. सळसळ तशीच. ती विश्वाच्या जन्माची ऊब निघाली, १९७८ ला नोबेल. कबुतरांना काहीच मिळालं नाही.

मालीम_जेटी
आमच्या घरचा ट्रॉलर आहे. (एलईडीच्या उजेडावर मासेमारी करणाऱ्यांचा वाद इथं काढू नका, त्याला दुसरा धागा आहे.) प्रश्न साध्या एलईडी दिव्यांचा आहे. डेकवरचे दिवे बदलल्यापासून व्हीएचएफवर (होडीवरच्या रेडिओवर) लांबच्या होड्या ऐकूच येत नाहीत. खरखर मात्र अजिबात नाही, एकदम शांत. मग नॉइज कसा म्हणायचा?

हॅम_पेडणे
शांत आहे तो स्क्वेल्चमुळं. सिग्नल नॉइजच्या वर आला तरच स्क्वेल्च दार उघडतो. दिव्यांनी नॉइजची पातळी वर नेली, तुम्ही कधीतरी वैतागून स्क्वेल्चची कळ घट्ट केली असणार, आता लांबचा सिग्नल दाराबाहेरच राहतो. २०१८ साली अमेरिकेच्या कोस्ट गार्डनं नेमकी याच गोष्टीची सूचना काढली होती: जहाजावरच्या एलईडी दिव्यांमुळं व्हीएचएफ आणि एआयएस (जहाजांची ओळख आणि जागा कळवणारी यंत्रणा) दोन्हींवर परिणाम होतो.

तपासायची रीत: सगळे एलईडी बंद करा. रिकाम्या चॅनलवर जाऊन स्क्वेल्च इतकाच फिरवा की खरखर जेमतेम बंद होईल. आता दिवे लावा. खरखर परत ऐकू आली तर दिव्यांनी नॉइज वाढवला. मास्टवर, अँटेनाला खेटून असलेला दिवा सगळ्यात आधी तपासा. हे हसण्यावारी नेऊ नका, १६ नंबर चॅनलवर कोणी मदतीला हाक मारली तर तीही बाहेरच राहील.

मालीम_जेटी
मास्टवरचाच निघाला! तांडेल म्हणत होता रेडिओ म्हातारा झालाय. मग जीपीएसला कसं काही होत नाही? तोही तिथंच आहे.

फर्मागुढीची
जीपीएसचा सिग्नल जमिनीवर उणे १३० डीबीएमच्या आसपास पोचतो आणि त्याच्या २ मेगाहर्ट्झच्या खिडकीतला औष्णिक नॉइज उणे १११. म्हणजे सिग्नल नॉइजच्या १९ डेसिबल खाली गाडलेला असतो! पण प्रत्येक उपग्रहाचा १०२३ तुकड्यांचा ठरलेला कोड रिसीव्हरला आधीच पाठ असतो. तो आलेल्या गोंधळाशी कोड जुळवून बेरीज करत जातो. जुळणारं एका दिशेनं साठत जातं, नॉइज उलटसुलट होऊन बराचसा कटतो. माहिती फक्त सेकंदाला ५० बिटची असल्यामुळं अशी बेरीज करायला वेळ मिळतो. वेग सोडला की नॉइजशी लढता येतं.

पण तुमच्या दिव्याचा नॉइज १५७५ मेगाहर्ट्झपर्यंत जोरात पोचत नसेल म्हणूनही तो वाचला असेल. जीपीएस अजिंक्य आहे असं नाही, इतक्या क्षीण सिग्नलला जॅमरनं आंधळं करणं सोपं असतं.

निवृत्त_तारवाला
‘वेग सोडला की लढता येतं’, हे क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली गणितात बसवलं. बँडविड्थ आणि सिग्नल-नॉइज गुणोत्तर दिलं की वेगाची कमाल मर्यादा ठरते. त्या मर्यादेच्या आत राहिलात तर चुका हव्या तितक्या कमी करता येतात, बाहेर गेलात तर कुठलीही हुशारी चालत नाही.

जुन्यांना डायलअप मोडेमची ती ची-चू-घर्रर आठवत असेल. टेलिफोनची लाईन ३.१ किलोहर्ट्झची, गुणोत्तर चांगल्या लाईनीला ३५ डेसिबल. हिशेब केला तर मर्यादा ३६ किलोबिटच्या आसपास येते. आणि मोडेम कुठं येऊन थांबले? ३३.६ ला. लोक आमच्याकडं येऊन भांडायचे की मोडेम बदलला तरी वेग का वाढत नाही. पुढं ५६ वाले आले ते एक्स्चेंजकडून येणारी बाजू डिजिटल धरून आले, ॲनालॉगचा एक पूर्ण टप्पा वगळून.

आणि पावसाळ्यात पेटीत पाणी शिरलं, गुणोत्तर २० डेसिबलवर घसरलं, की वीसच्या आसपास. इलाज एकच असायचा, खड्ड्यात उतरून जॉइंट कोरडा करणं.

कुळागरकर
रविवारी सगळं केलं. माळेचा डबा हा मोठा गुन्हेगार होताच, तो काढून ठेवलाय. दुसरा सापडला पंपघरातला बल्ब, जो दिवसरात्र जळतच असतो, कोणाच्या लक्षातच नव्हतं. तोही बदलला. बाबांनी स्वतः रेडिओ फिरवत रेषा काढल्या आणि आता ते गावातल्या लोकांच्या घरांकडं संशयानं बघत हिंडतायत. आई म्हणते हे वाईट झालं.

एक रेषा मात्र रस्त्यावरच्या खांबाकडं जाते. तिकडं खरखर एकसारखी नाही, भुरभुरल्यासारखी. रात्री दव पडलं की जास्त, परवा जोराचा पाऊस लागला तेव्हा गायब.

हॅम_पेडणे
तो इन्सुलेटर असणार. धूळ किंवा खारट थर साचला की दवानं तो अर्धवट ओला होतो, त्यावरून बारीक ठिणग्या उडतात, सेकंदाला १०० च्या ठोक्यानं. मुसळधार पाऊस थर धुऊन नेतो म्हणून गायब. किनाऱ्यावर आमच्याकडं पहिल्या पावसाआधी हे हमखास. लाईनमनला खांबाचा नंबर सांगा आणि सांगताना रेडिओचं नाव काढू नका, ‘ठिणगी दिसते’ म्हणा. लवकर येतात. स्वतः खांबाला काठी लावू नका.

अनघा_म्हापसा
विचारूनच घेते. मार्चमध्ये भर दुपारी, ढग नाही पाऊस नाही, तरी डीटीएच काही मिनिटं गेलं होतं. पुढचे काही दिवस साधारण त्याच वेळी.

फर्मागुढीची
सूर्य! विषुवाच्या आसपास सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागं येतो आणि डिश थेट त्याच्याकडं बघते. थंड आकाशाऐवजी हजारो केल्वीनचा गोळा. आपल्या अक्षांशाला हे मार्चच्या मध्याच्या सुमारास आणि पुन्हा सप्टेंबरच्या अखेरीस होतं. काही करायचं नसतं, दुरुस्तीवाल्याला बोलावू नका.

दिगंतर_काणकोण
उशिरा आलो, सगळा धागा वाचून काढला, वाचनखूण साठवली. छपरावर सोलर लावल्यापासून आमचाही मिडियम वेव्ह दिवसा गेलाय, सूर्य मावळला की परत येतो. इन्व्हर्टर बदलायची ऐपत नाही. काही जुगाड?

हॅम_पेडणे
इन्व्हर्टरपेक्षा आधी पॅनेलच्या डीसी तारा बघा. बसवणारे घाईत प्लस एका बाजूनं आणि मायनस दुसऱ्या बाजूनं आणतात, मग छपराएवढा लूप अँटेना तयार होतो. दोन्ही तारा शेवटपर्यंत एकमेकींना चिकटवून, जमलं तर पीळ देऊन आणा. त्यानंतर इन्व्हर्टरपाशी मोठ्या फेराइट रिंगमधून दोन्ही तारा मिळून सात-आठ वेढे काढा. बाजारात मिळते ती चिमट्याची फेराइट नुसती अडकवून मिडियम वेव्हला काही होत नाही, वेढे लागतात. आणि हे सगळं तुम्ही नाही, इलेक्ट्रिशियननं करायचं. दिवसा त्या तारांत शेकडो व्होल्ट डीसी असतो आणि पॅनेलला बंद करायचं बटण नसतं.